भाड्याच्या घरातले देव

ती तक्रार आली तेव्हा ठाण्यातले बरेच जण हसले होते, हे मला अजून स्पष्ट आठवतं. मुलुंडकडच्या एका पोलीस ठाण्यात मी तेव्हा वरिष्ठ निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपली होती, रात्रपाळीचे लोक स्टेशन डायरी सोपवून घराकडे निघाले होते आणि ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर सत्तरीच्या आतबाहेरचे एक गृहस्थ उभे होते. पांढरा सदरा, कपाळाला गंध, हातात फुलांची परडी. ते अगदी कळवळून सांगत होते, "साहेब, माझे देव उपाशी आहेत. काहीतरी करा."

अंमलदारानं विचारलं, "कुठे आहेत देव?"

"माझ्याच घरात."

"मग वाढा की त्यांना!"

यावर हशा पिकला. मी त्या गृहस्थांना माझ्या खोलीत बसवलं, कारण हसणाऱ्या पोलिसांसमोर कुणीही धड काही सांगत नाही.

प्रकरण असं होतं. गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले. एकाच इमारतीत त्यांचे दोन फ्लॅट. चौथ्या मजल्यावर ते स्वतः राहत, एकटेच. पत्नी गेलेली, दोन्ही मुलगे परदेशात. दुसऱ्या मजल्यावरचा जुना फ्लॅट ते भाड्यानं देत. त्या जुन्या फ्लॅटमध्ये पत्नीनं हौसेनं बसवलेला संगमरवरी देव्हारा होता, भिंतीत पक्का केलेला. देव हलवायचे तर विधी करावा लागतो, तो राहून गेला होता. म्हणून फ्लॅट देताना त्यांची एकच तोंडी अट असे. रोज सकाळी मी खाली येऊन पूजा करणार, एक किल्ली माझ्याकडे राहणार. आताची भाडेकरू एक एकटी मुलगी होती, पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. गेले काही दिवस ती सकाळी आतून कडी लावून बसत होती आणि आता तर तिनं कुलूपच बदललं होतं.

सोबत सोसायटीचे सेक्रेटरी आले होते. सेक्रेटरी हे पद माणसाला कुणी देत नाही, तो ते अंगावर ओढून घेतो, असं माझं नोकरीतलं निरीक्षण आहे. ते म्हणाले, "साहेब, आम्ही खरं तर फॅमिलीशिवाय एनओसी देतच नाही. काका म्हणाले पोरगी सज्जन आहे, म्हणून दिली. आता बघा ना! सकाळी सकाळी आतून कडी. आत कोण असतं काय माहीत."

ठाण्यातल्या सगळ्यांचं मत तोवर बनलं होतं. म्हातारा माणूस, बायकोच्या आठवणीचा देव्हारा आणि दार न उघडणारी पोरगी. माझी आई असती तर तीही त्या गृहस्थांच्याच बाजूनं बोलली असती. माझ्या डोक्यात मात्र ते कुलूप अडकलं होतं. भाड्याच्या घरात कुणी हौसेनं कुलूप बदलत नाही. त्याला खर्च पडतो, सुतार शोधावा लागतो, मालकाशी वाकडं होतं. एवढं सगळं करायला माणसाला काहीतरी सबळ कारण लागतं.

मी त्यांना चहा दिला आणि सहज विचारलं, "पूजेला कधी जाता?"

"सकाळी. ती कामाला निघायच्या आधी."

"ती गेल्यावर घर दिवसभर रिकामंच असतं. तेव्हा निवांत का नाही करत?"

गृहस्थांनी कप बशीत ठेवला. "पूजा सकाळचीच ना साहेब," ते म्हणाले.

मी मान डोलावली आणि अदखलपात्र नोंद घ्यायला सांगून त्यांना घरी पाठवलं.

चौकशीसाठी बाईमाणसाला ठाण्यात बोलवायचं नसतं, आपण तिच्या राहत्या जागी जायचं असतं. हा कायद्यातला नियम आहे आणि तो चांगला आहे, कारण माणसाचं घर माणसापेक्षा जास्त बोलतं. संध्याकाळी ती मुलगी कामावरून परतल्यावर मी आणि आमच्या एक महिला उपनिरीक्षक तिकडे गेलो. या उपनिरीक्षक बाई मानखुर्दच्या. तोंडाच्या फटकळ, कामाला चोख. पोलिसांची गाडी बघून इमारतीची गॅलरी भरू नये म्हणून आम्ही साध्या कपड्यांत रिक्षानं गेलो. तरी सेक्रेटरी गेटवर हजर होतेच.

दार त्या मुलीनं साखळी लावूनच उघडलं. आम्ही ओळखपत्रं दाखवली तेव्हा आत घेतलं. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. कणकवलीकडची. आम्ही बसायच्या आतच ती म्हणाली, "साहेब, माझी चूक झाली. नवीन किल्ली मी काकांना देते. फक्त माझ्या दादाला कळवू नका."

दादा म्हणजे थोरला भाऊ. वडील वारल्यापासून घरातला कर्ता. बहिणीनं गावी परत यावं, लग्न करावं असं त्याचं म्हणणं. आधी ती घाटकोपरला एका खोलीत पाच मुलींबरोबर पेइंग गेस्ट म्हणून राहत होती. मग पगार थोडा वाढला आणि तिनं भावाला कसंबसं पटवून हा फ्लॅट घेतला. करारावर तिची एकटीची सही होती. "माझ्या नावावरचं पहिलं घर आहे हे, भाड्याचं असलं तरी," ती म्हणाली. भावाला काही कळलं तर तो दुसऱ्या दिवशी येऊन सामान बांधून नेणार आणि मुंबई संपली, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. तिचं सगळं त्या एका दारावर अवलंबून होतं आणि म्हणूनच ती काही बोलत नव्हती.

"काकांचा काही त्रास आहे का?" उपनिरीक्षक बाईंनी विचारलं.

"नाही. चांगले आहेत. मला बाळ म्हणतात."

"मग कडी का लावलीत?"

"तसंच."

असं 'तसंच' मी नोकरीत पुष्कळदा ऐकलं आहे. त्याच्यावर हातोडा मारून उपयोग नसतो. मी हात धुवायचं निमित्त केलं आणि आतल्या खोलीत गेलो. ईशान्य कोपऱ्यात तो देव्हारा, छान घडवलेला. त्याच्या बरोबर समोर बाथरूमचं दार. आत गेलो तर बाथरूम कोरडी ठणठणीत. बादली पालथी. साबण नाही, टॉवेल नाही, दात घासायचा ब्रशसुद्धा नाही. एकटी राहणारी बाई, नळाला पाणी, आणि बाथरूम अशी, जणू त्या घरात कुणी राहतच नाही.

बाहेर येऊन मी विचारलं, "आंघोळ कुठे करता?"

ती खाली बघत म्हणाली, "लॅबमध्ये. स्टाफचं बाथरूम आहे तिथे."

उपनिरीक्षक बाईंनी माझ्याकडे बघितलं. "सर, तुम्ही जरा खाली जाऊन चहा घेऊन या ना," त्या म्हणाल्या. मी समजलो आणि बाहेर पडलो. माझ्यासमोर ती बोलणार नव्हती, आणि ते रास्तच होतं.

चहा घ्यायला मी गेलो नाही. समोरच्या दाराची बेल वाजवली. पन्नाशीच्या एका काकूंनी दार उघडलं. पोलीस म्हटल्यावर त्यांनी आधी पदर सावरला आणि मग उत्साहानं बोलायला सुरुवात केली.

"काकांचं देवाचं फार हो! भारी सोवळं. रोज घंटा ऐकू येते. त्या घंटेवर मी कुकर लावते."

"रोज?"

"रोज म्हणजे रोज! रविवारी जरा उशिरा. ती उशिरा उठते ना रविवारी."

"आणि ती नसली तर?"

"ती गणपतीला गावी गेली होती, तेव्हा नव्हती वाजत. दिवाळीला गेली तेव्हाही नाही. मला वाटलं काकांना बरं नसेल, पण संध्याकाळी खाली बाकावर तर बसलेले दिसायचे..."

बोलता बोलता काकू थांबल्या. आपण काय बोललो ते त्यांच्या तेव्हाच ध्यानात आलं असावं. त्यांचा चेहरा पडला. "माझं नाव कुठे घालू नका हं साहेब," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आम्हाला इथेच राहायचंय." आणि त्यांनी दार लावून घेतलं.

उपनिरीक्षक बाई खाली आल्या तेव्हा रागानं लाल झाल्या होत्या. रिक्षात बसल्या बसल्या म्हणाल्या, "सर, तो रोज आत आल्या आल्या विचारतो, अडचण आहे का म्हणून."

मी म्हटलं, "जुन्या वळणाची माणसं विचारतात तसं. देवाला विटाळ नको म्हणून."

"सर, ती अडचण महिन्यातून चार दिवस असते. हा तीस दिवस विचारतो. सगळ्या तारखा पाठ आहेत त्याला. काल चौथा दिवस ना बाळ, आज न्हालीस ना, मग केस ओले का नाहीत, असं विचारतो. माझ्या नवऱ्याला माझ्या तारखा माहीत नाहीत, सर!"

ते वाक्य कुठल्याही कायद्याच्या पुस्तकात सापडलं नसतं.

मग त्यांनी बाकीचं सांगितलं. पारोशी असताना देवासमोर उभं राहायचं नाही, म्हणून मी यायच्या आधी तू न्हायलेली हवीस, हा त्याचा नियम. ती बाथरूममध्ये असली की हा दाराबाहेर उभा राहून घंटा वाजवायचा, आरती म्हणायचा. बाहेर आली की हात पुढे कर म्हणायचा. तीर्थ द्यायला मनगट धरायचा आणि सोडायचा नाही. कपाळाला गंध लावताना बोटं गालावरून खाली यायची. मुलगी बिचारी काय करणार? तिनं एक युक्ती केली. रोज सांगायला लागली, काका, मला अडचण आहे. तर त्यानं आठ-दहा दिवस ऐकून घेतलं आणि म्हणाला, "इतके दिवस? बाळ, हे बरं नाही. चल, मी येतो तुझ्याबरोबर डॉक्टरकडे." मग ती लॅबमध्ये आंघोळ करायला लागली, तो येण्याआधीच घराबाहेर पडायला लागली, तर हा त्याच्याही आधी येऊन बसायला लागला. शेवटी तुळशीच्या लग्नाच्या सुमारास त्यानं गंध कपाळाला न लावता गळ्याला लावलं आणि बोट तिथेच थांबलं नाही. दुसऱ्या सकाळपासून ती आतून कडी लावून बसायला लागली. तरी तो दार ठोठावत राहिला, तेव्हा तिनं सुतार बोलावून कुलूपच बदललं.

"तिनं आधी का सांगितलं नाही कुणाला?" मी विचारलं.

"सांगणार काय सर? काका पूजेला येतात, हे? तिलाच वाटायचं की आपलंच मन घाण आहे. देवाच्या कामाला आलेल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल आपण काय काय विचार करतो म्हणून रडायची एकटीच."

तो फ्लॅट भाड्यानं लावून देणाऱ्या दलालाला मी गाठलं. त्याला त्या फ्लॅटचं काही वाटत नव्हतं, धंदा होत होता तेवढं पुरे होतं. तो सहज बोलून गेला की काका नेहमी एकट्या मुलीच घेतात, घर स्वच्छ ठेवतात म्हणून. आणि त्यातली एकही करार पुरा करत नाही. आधीच्या दोघींपैकी एक बोरिवलीला सापडली. आता लग्न झालेलं. उपनिरीक्षक बाईंनी फोन केला आणि फक्त त्या इमारतीचं नाव घेतलं. पलीकडून ती बाई म्हणाली, "मला वाटलं होतं, मला एकटीलाच," आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी त्या गृहस्थांना बोलावलं. ते पुन्हा परडी घेऊनच आले. त्यांना वाटलं होतं की किल्ली मिळणार. मी पाणी दिलं, पंखा वाढवला. आरोपीला पहिल्यांदा बसायला चांगली खुर्ची द्यावी, अवघडलेल्या माणसापेक्षा ऐसपैस बसलेला माणूस जास्त चुका करतो.

"देव इतके दिवस उपाशी राहिले म्हणून तुम्हाला फार वाईट वाटलं," मी म्हणालो.

"वाटणारच. बायकोची शेवटची इच्छा होती साहेब, पूजा चुकवू नका."

"गणपतीत ती मुलगी गावी होती. तेव्हा देव जेवले?"

त्यांनी परडी मांडीवर ओढून घेतली.

"तेव्हा कुलूप जुनंच होतं. किल्ली तुमच्याकडे होती. सणाचे दिवस होते. पूजा झाली का?"

"तेव्हा... माझी तब्येत बरी नव्हती."

"खाली बाकावर बसण्याइतकी होती. आणि दिवाळीत? आणि मला सांगा, तुमच्या देवांना रविवारीच तेवढी उशिरा जाग येते का हो?"

परडीतल्या फुलांशी त्यांची बोटं चाळा करायला लागली. मी थांबलो. चौकशीत गप्प बसणं हे खरं काम असतं, प्रश्न विचारणं कुणालाही जमतं. थोड्या वेळानं त्यांचे डोळे भरले.

"साहेब, मी एकटा आहे हो," ते म्हणाले. "बायको गेली. मुलं फोन करत नाहीत. दिवस दिवस तोंड उघडत नाही माझं. सकाळी दोन शब्द कुणाशी तरी बोलावेसे वाटतात. एवढाच गुन्हा."

हे माझ्या वर्मी लागलं, ते लपवत नाही. माझी पत्नी आदल्याच वर्षी गेली होती. मुलगी सासरी. ड्युटी संपवून सरकारी क्वार्टरमध्ये जायचो, दार उघडायचो आणि घरात कुणाचा तरी आवाज असावा म्हणून बूट काढायच्या आधी टीव्ही लावायचो. दिवस दिवस तोंड न उघडणं म्हणजे काय, हे त्या खोलीत त्यांच्याइतकंच मलाही माहीत होतं. म्हणूनच मला इतका संताप आला. आमच्यासारख्यांचं दुःख हा माणूस पुढे करून त्याच्या मागे लपत होता.

"दोन शब्दच बोलायचे होते ना?" मी म्हणालो. "मग खाली बाकावर तुमच्या वयाची माणसं बसतात. सेक्रेटरी तर बोलायला टपलेलेच असतात. समोरच्या काकू आहेत. तुम्हाला बोलायला तीच का लागली? आणि तीही न्हायलेलीच का लागली?"

डोळ्यांतलं पाणी थांबलं. मी माणसं ओळखायला शिकलो ते अशाच क्षणांत. त्यांनी रुमालानं तोंड पुसलं, सरळ बसले आणि बँकेतल्या साहेबाच्या आवाजात म्हणाले, "साहेब, त्या मुलीच्या भावाचा नंबर माझ्याकडे आहे. मी अजून त्याला फोन केलेला नाही. तिनं विचार करावा."

दारात उभ्या असलेल्या उपनिरीक्षक बाईंनी हे ऐकलं. मी त्यांना म्हटलं, "हेही लिहून घ्या."

पण गुन्हा दाखल करायचा तर फिर्याद त्या मुलीची हवी होती. आम्ही पुन्हा तिच्या घरी गेलो. उपनिरीक्षक बाईंनी तिला नीट समजावलं. फिर्याद दिलीस तर भावाला कळणार, कोर्टात यावं लागणार. नाही दिलीस तर आम्ही त्याला समज देऊ, पण समज किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही. ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. मग तिनं विचारलं, "फिर्याद दिली तर मला घर सोडावं लागेल का?"

हा प्रश्न मला त्याआधी कुठल्याही फिर्यादीनं विचारला नव्हता. लोक विचारतात, त्याला शिक्षा होईल का, पेपरात येईल का. हिला फक्त तिचं घर हवं होतं.

"नाही," मी म्हणालो. "करार संपेपर्यंत हे घर तुमचं. मालकाला तुमच्या परवानगीशिवाय उंबरा ओलांडता येणार नाही."

"मग लिहून घ्या," ती म्हणाली.

फिर्याद तिनं दिली. विनयभंग, लैंगिक छळ, गृह-अतिक्रमण, धमकी. तेव्हा जुनी दंड संहिता होती, आता कलमांचे आकडे बदलले आहेत, गुन्हा तोच आहे. पंचांना घेऊन आम्ही पंचनाम्याला गेलो तेव्हा ते गृहस्थ म्हणाले, "देव इथेच राहू द्या. हलवायला गुरुजी लागतात, मुहूर्त लागतो." मला कळत होतं की देव तिथे आहेत तोवर त्यांना त्या घरात यायला कारण आहे. मी म्हटलं, "दोनच मजले वर न्यायचे आहेत. तुमच्या हातांनी घ्या, कुणी शिवणार नाही." अख्खी इमारत जिन्यात जमली होती. त्यांनी एकेक मूर्ती लाल वस्त्रात गुंडाळून ताम्हणात ठेवली. देव लिफ्टनं चौथ्या मजल्यावर गेले आणि त्यानंतर आम्ही त्यांना अटक केली. कोर्टानं जामीन देताना अट घातली की दुसऱ्या मजल्यावर पाऊल ठेवायचं नाही.

भाऊ कणकवलीहून आला तो थेट ठाण्यातच. दांडगा माणूस, पण बहिणीला बघितल्यावर रडायलाच लागला. "माका का नाय सांगलंस गो?"

"तू माका घराक नेतलंस म्हणान नाय सांगलंय."

"मगे आता तरी चल. भर सामान."

"नाय," ती म्हणाली. "करार संपासर मी हयच रवतलंय."

त्यानं माझ्याकडे बघितलं, की साहेब, तुम्ही तरी समजवा. मी फायलीत डोकं घातलं. तो दोन दिवस तिच्याकडे राहिला, दाराला आणखी एक कडी बसवून दिली आणि परत गेला.

सोसायटीनं पुढच्या सभेत ठराव केला. त्या गृहस्थांविरुद्ध? छे! यापुढे एकट्या बाईला घर देऊ नये असा ठराव झाला, आणि तोही एकमतानं. सेक्रेटरींनी तो मला अभिमानानं सांगितला. समोरच्या काकूंनी पुढे खटल्यात कोर्टात सांगितलं की घंटेचं आता आठवत नाही. संक्रांतीला प्रत्येक घरात हळदीकुंकू झालं, तिच्या दाराची बेल कुणी वाजवली नाही. लिफ्टमध्ये ती असली की लोक जिन्यानं जात. तिनं कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. पण तिच्याशी बोललं तर आपल्याला आधी काय काय दिसत होतं ते आठवावं लागलं असतं, आणि ते कुणालाच नको होतं. उपनिरीक्षक बाई अधूनमधून तिच्याकडे चहाला जात. मी गेलो नाही. पुरुष अधिकाऱ्यानं तिच्या दारात उभं राहणं म्हणजे त्या इमारतीला आणखी एक विषय.

बोरिवलीची बाई मात्र साक्षीला स्वतःहून आली. नवऱ्याला घेऊन आली, आणि उभी राहून सगळं सांगितलं. मॅजिस्ट्रेटनी शिक्षा दिली, फार मोठी नव्हती. वरच्या कोर्टात अपील झालं.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, ते ठाण्यात नवीन आलेल्या मुलामुलींना मी पुढे सांगत असे. कचेरीत त्रास झाला तर निदान तक्रार करायला समिती असते, भिंतीवर तिचा फलक असतो. राहत्या घरात समिती नाही. तिथे मालक असतो, सोसायटी असते आणि एनओसी असते. म्हणून तिथे त्रास होतो तो कधी काळजीच्या, कधी शिस्तीच्या आणि कधी देवाच्या नावानं. तो ओळखायचा असेल तर त्या माणसानं काय केलं हे आधी विचारू नका. ती बाई सांगणार नाही, कारण तिची तिलाच खात्री नसते. तिनं स्वतःच्या जगण्यात काय बदललं ते बघा. कुठल्या वेळी घराबाहेर पडायला लागली, कुठला रस्ता सोडला, कुठल्या खोलीत जायची थांबली. घाबरलेला माणूस ओरडत नाही, तो आपली जागा हळूहळू आवरत नेतो.

आणि एकटेपणाबद्दलही सांगतो. मी निवृत्त झालो त्याला काही वर्षं झाली. मी अजून एकटाच आहे. सकाळी बाकावर जाऊन बसतो, कधी कुणी बोलतं, कधी नाही बोलत. वाईट वाटतं, फार वाईट वाटतं. पण ते माझं आहे. ते दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवायचा मला हक्क नाही, आणि त्या गृहस्थांनाही नव्हता.

खटला नंतर चालला. माझ्यासाठी ते प्रकरण त्याआधीच, एका दुपारी संपलं. ती मुलगी ठाण्यात आली. काही काम नव्हतं. दिंडोशीला दुसरा फ्लॅट मिळाला आहे, उद्या सामान हलवणार, असं म्हणाली. मी म्हटलं, बरं झालं, सुटलात त्या इमारतीतून.

"सुटले नाही साहेब," ती म्हणाली. "माझ्या आधीच्या त्या दोघी सोडून गेल्या तशी मी नाही गेले. करार संपला म्हणून जातेय."

एवढं सांगायला ती कामावरून अर्धी सुट्टी घेऊन आली होती. मी चहा मागवला, तिनं घेतला, आणि ती गेली. तिला हे सांगायला या शहरात पोलीस ठाण्याशिवाय दुसरी जागा नव्हती. मला मात्र त्या दिवशी इतका आनंद झाला होता की ड्युटी संपल्यावर मी झपाझप घरी गेलो, दार उघडलं, आणि कुणाला सांगायचं ते आठवेना.